उद्याचा दिवस कुणाच्या मालकीचा?

(भिलाई येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिलाईत रेल्वे आणि टपाल कामगारांनी एकत्र बसावे यात एक औचित्य आहे. तुमच्यापैकी जे ट्रॅकवर काम करतात, त्यांच्या पायाखालच्या रुळांचा फार मोठा भाग याच गावच्या रेल मिलमधून निघालेला आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनबरोबर या कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून गोंदिया, भंडारा, नागपूर या बाजूची मराठी माणसे कामाच्या शोधात इकडे येत राहिली. कुणी कारखान्यात लागले, कुणी रेल्वेत, कुणी पोस्टात. कुणी कुठेच लागले नाहीत, ठेकेदाराकडे राबत राहिले. आज बोलायचे आहे ते मुख्यतः या शेवटच्यांविषयी, आणि त्यांच्याविषयी आपण जे बोलतो त्याविषयी.

कंत्राटी मजुरांना संघटनेत घ्यायचा विषय निघाला की आपल्या शाखांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. "या लोकांना उद्याचा विचारच नाही. हातात पैसा आला की उडवतात, वर्गणी मागितली तर पुढच्या महिन्यावर ढकलतात, सभेला येत नाहीत, आणि ठेकेदाराने पन्नास रुपये जास्त दाखवले की तिकडे पळतात." हे वाक्य मालकाच्या तोंडी असते तर आम्ही त्याची दखल घेतली नसती, मालकाचे ते कामच आहे. पण ते आपल्या माणसांच्या तोंडी आहे, त्यात वाईट हेतूही नाही, आणि बोलणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलेच तो सांगत असतो. म्हणून त्याची नीट तपासणी करायला हवी.

सुरुवात पोस्टातल्या साथींना रोज दिसणाऱ्या गोष्टीपासून करू. महिना पाचशे रुपयांची पाच वर्षांची आर. डी. घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ६.७ टक्के दराने पाच वर्षांत भरलेले तीस हजार रुपये मुदतीअखेर सुमारे साडेपस्तीस हजार होतात. आता दुसरा माणूस घ्या. त्याने मुलाच्या आजारपणात सावकाराकडून पाच हजार रुपये उचलले. दर शेकडा दहा, महिन्याला. कामगार वस्तीत हा दर ऐकून कुणाला धक्का बसत नाही. त्याचे दरमहा व्याज झाले पाचशे रुपये. तोही पाच वर्षे दरमहा पाचशेच भरतो, त्याचेही तीस हजारच जातात. मुदतीअखेर पहिल्याच्या हातात साडेपस्तीस हजार असतात, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुद्दलाचे पाच हजार तसेच उभे असतात. शिस्त दोघांची सारखीच. खरे म्हणजे दुसऱ्याची जास्त, कारण त्याचा हप्ता चुकला तर दारात माणूस येऊन उभा राहतो.

आता हाच दुसरा माणूस एक दिवस पोस्टात येतो आणि तीन वर्षे जपलेली छोटी आर. डी. मुदतीआधी बंद करायला सांगतो. खिडकीपलीकडे बसलेला आपला साथी कळवळून म्हणतो, अरे, दोनच वर्षे राहिली, व्याज बुडेल. सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण हिशोब त्या माणसाचा बरोबर आहे. एका बाजूला वर्षाला पावणेसात टक्के मिळत आहेत आणि दुसऱ्या बाजूला वर्षाला एकशेवीस टक्के जात आहेत. अशा वेळी खाते मोडणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे. बाहेरून मात्र तो अधीरपणा दिसतो.

किराण्याचेही तसेच. पाच किलो तेलाचा डबा स्वस्त पडतो हे कुणाला कळत नाही? पण डब्याचे पैसे एकरकमी लागतात, आणि ज्याच्या हातात आज दोनशे रुपये आहेत तो पाव किलो तेल, पुडीतला चहा आणि सुटी साखर घेतो. वर्षाअखेर त्याने तेलाला आपल्यापेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात. गरिबाला महागात पडते ते असे. यात त्याच्या स्वभावाचा काय संबंध?

भिलाईच्या बोलीत एक फरक फार स्पष्ट आहे. 'नौकरी' आणि 'काम'. कारखान्यात कायम असलेल्याची नौकरी, ठेकेदाराकडे जाणाऱ्याचे काम. आपल्याकडेही नोकरी आणि रोजंदारी हे शब्द वेगळे आहेतच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून पुढे वर्षानुवर्षे भिलाईत राहून कामगारांचा अभ्यास केला, आणि भिलाईचेच अजय टी. जी. त्यांच्याबरोबर होते. त्यांचे जाडजूड पुस्तक २०२० साली आले. त्यात हाच नौकरी-कामाचा फरक मध्यभागी आहे. कायम कामगार आणि कंत्राटी मजूर यांच्यातला फरक फक्त पगाराचा उरलेला नाही. घर, मुलांची शाळा, लग्नसंबंध, पुढच्या पिढीबद्दलची अपेक्षा या सगळ्यांत ते दोन वेगळे वर्ग झाले आहेत, असे पॅरी दाखवतात. सेक्टरमध्ये क्वार्टर असलेला बाप मुलाच्या आठवीपासून त्याच्या प्रवेशपरीक्षेचा विचार करतो. खुर्सीपारच्या वस्तीतला बाप उद्या सकाळी ठेकेदाराचा मुकादम नाव घेईल की नाही याचा विचार करतो. पहिल्याची बुद्धी लांब आणि दुसऱ्याची आखूड असे कुणी म्हणत असेल तर त्याने दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवाव्यात. एकावर पुढच्या तीस वर्षांचा शब्द आहे. दुसऱ्याला बहुधा चिठ्ठीच नाही.

आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात खाणी धरून साठ हजारांवर असलेली इथली कायम कामगारांची संख्या पुढच्या तीस वर्षांत निम्म्याहून खाली आली. काम कमी झाले म्हणून नव्हे, उत्पादन तर वाढले. माणसे नौकरीतून कामात ढकलली गेली. एकाच भट्टीसमोर दोन प्रकारचे उद्या उभे राहिले.

इथे थोडे मागे जाऊ, कारण आपली स्मरणशक्ती पगारवाढीबरोबर कमी होते असे दिसते. शंभर वर्षांपूर्वी हेच वाक्य आपल्या पणजोबांबद्दल बोलले जात होते. गिरण्यांच्या आणि रेल्वे वर्कशॉपच्या फाटकावर पगाराच्या दिवशी काठी घेतलेला पठाण उभा असे, पठाणी व्याज हा शब्द मराठीत तिथूनच रुळला. १९३१ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. गँगमन, फिटर, साचेवाले यांना तेव्हाचे साहेब लोक उधळे आणि बेफिकीर म्हणत. त्यांचीच नातवंडे आज पोस्टाच्या खिडकीवर पंधरा वर्षांचा पी. पी. एफ. काढायला रांगेत उभी आहेत. रक्त बदलले नाही. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला, पगाराची तारीख ठरली, भविष्यनिर्वाह निधी आला, पेन्शन आले, पतपेढ्या आल्या, आणि नोकरीतून सहज काढता येणार नाही अशी व्यवस्था आली. माणसाला उद्या दिला की तो उद्याचा विचार करतो.

उलट बाजूनेही हे खरे आहे, आणि ही बाजू आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. माणसाचा उद्या हिरावून घेणे हे मालकाच्या हातातले हत्यार आहे. रेल्वेतल्या जुन्या साथींना 'ब्रेक' हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. ओपन लाइनवर सलग १२० दिवस भरले की नैमित्तिक मजुराला टेम्पररी स्टेटस मिळायचे. म्हणून कितीतरी ठिकाणी ते भरायच्या आत नाव कापले जायचे आणि काही दिवसांनी पुन्हा लिहिले जायचे. काम तेच, माणूस तोच, फक्त मोजणी पुन्हा एकपासून. प्रकल्पांवरचे मजूर तर दहा-दहा वर्षे रूळ टाकत हिंडत आणि कागदोपत्री रोज नवे असत. १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याची योजना रेल्वेला राबवायला लावली. टपाल आणि तार खात्यातल्या रोजंदारी मजुरांच्या बाबतीत २७ ऑक्टोबर १९८७ चा निकाल आहे. वर्षानुवर्षे राबणाऱ्याला रोजंदारीवरच ठेवणे म्हणजे शोषण आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांना कायम करण्याची योजना आखायला सांगितले. या दोन निकालांनी हजारो घरांत काय घडले? कुणी पहिल्यांदा सोसायटीचे कर्ज काढून घरावर पत्रे टाकले, कुणी मुलीला सातवीनंतर शाळेतून काढायचे थांबवले. या सभागृहात बसलेल्या काहींचे वडील त्याच यादीतून आलेले आहेत. त्यांना तेव्हा कुणी बचतीवर व्याख्यान दिले नव्हते.

भिलाईच्या दक्षिणेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, आता बालोद जिल्ह्यात असलेल्या दल्ली राजहराच्या लोहखनिज खाणी आहेत. भिलाईच्या भट्ट्यांचे पोट भरले ते तिथल्या खनिजावर. १९७७ साली तिथे हाताने दगड फोडणारे आणि ट्रकमध्ये भरणारे मजूर ठेकेदारांचे होते, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. दिवसाला चौदा-सोळा तास राबून हाती तीन-चार रुपये पडायचे. आणीबाणी उठली त्या सुमारास बोनसचा करार झाला. कायम कामगाराला ३०८ रुपये, ठेकेदाराच्या मजुराला ७० रुपये. करार मान्य संघटनांनी केला होता, म्हणजे आपल्यासारख्यांनीच. मजूर त्या संघटनांमधून बाहेर पडून लाल मैदानात जाऊन बसले, छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला, आणि शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते झाले. नियोगी स्वतः भिलाई कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये काम केलेले आणि १९६७ मध्ये कामावरून काढलेले.

या संघाच्या पहिल्या मागण्या काय होत्या हे पाहा. आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. पहिली मागणी फॉलबॅक वेजची. मजूर कामावर हजर असूनही ठेकेदाराने काम दिले नाही तर त्या दिवसाची ठरावीक मजुरी मिळाली पाहिजे. दुसरी बांबू-बल्लीची. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला बांबू आणि वासे लागतात, त्यासाठी शंभर रुपये. ज्यांना उद्याचा विचार नाही असे आपण म्हणतो, त्यांनी संघटना झाल्याबरोबर पहिल्यांदा मागितले ते पुढच्या महिन्याचे छप्पर आणि काम न मिळालेल्या दिवसाची भाकरी. छत्तीसगडात पाऊस जूनच्या मध्याला येतो. मे महिन्याच्या अखेरीस मागणी मान्य झाली आणि ठेकेदारांनी जून उजाडताच शब्द फिरवला. २ जूनच्या रात्री नियोगींना अटक झाली, मजुरांनी विरोध केला, आणि २ व ३ जून १९७७ रोजीच्या पोलीस गोळीबारात अकरा जण मारले गेले. त्यात एक स्त्री आणि एक लहान मुलगा होता. वाद शंभर रुपयांच्या बांबूंचा होता.

मजूर मागे हटले नाहीत आणि मजुरी वाढली. वाढल्यावर काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे भाबडे ठरेल. दारूचा खप वाढला. पैसा आला पण भरवसा अजून आला नव्हता, आणि दमलेल्या शरीराला दारूच जवळची होती. संघाने त्यावर नाक मुरडले नाही आणि त्याकडे डोळेझाकही केली नाही. स्त्रियांच्या पुढाकाराने दारूविरोधी मोहीम काढली, आणि ती इतकी लागू पडली की दारूचे ठेकेदार संघाचे वैरी झाले. त्याच वेळी पैसा जायला दुसरी जागाही तयार केली गेली. संघाच्या उपाध्यक्ष कुसुमबाई उपचाराअभावी बाळंतपणात दगावल्या. आपले रुग्णालय हवे असे मजुरांनी ठरवले. जानेवारी १९८२ मध्ये दवाखाना सुरू झाला आणि गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, पंधरा खाटांचे शहीद हॉस्पिटल उघडले. विटा मजुरांच्या श्रमदानाच्या, पैसा मजुरांच्या वर्गणीचा. डॉ. विनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. शैबाल जाना, डॉ. पुण्यब्रत गुण असे डॉक्टर तिथे येऊन राहिले. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे झोपडीच्या बांबूचे पैसे नव्हते, त्यांनी पुढच्या पिढीच्या बाळंतपणांची सोय करून ठेवली. खाणीत यंत्रे आणायचा प्रश्न आला तेव्हाही या मजुरांनी पूर्ण यांत्रिकीकरणाऐवजी अर्धयांत्रिकीकरणाची स्वतःची योजना मांडली. उत्पादन वाढेल आणि माणसेही राहतील अशी ती योजना होती. आपल्यापैकी कितीजणांच्या शाखेने आपल्या खात्याची दहा वर्षांची योजना लिहून काढली आहे?

हे सारे एका विभागाचे पुण्यकर्म म्हणून आम्ही सांगत नाही. त्याची किंमत भिलाईनेच मोजली. १९९० नंतर खाजगी कारखान्यांतल्या कंत्राटी मजुरांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्टेशनवर मजूर रुळांवर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात सोळा कामगार ठार झाले. रेल्वेच्या साथींनी ते स्टेशन पाहिलेले आहे, काहींची रोजची ड्यूटी त्याच मार्गावर असते. दोन वर्षे कामाविना राहून जे रुळांवर येऊन बसले, त्यांना लांबचे दिसत नव्हते असे कोण म्हणेल?

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते थोडक्यात. तामिळनाडूत विल्लुपुरमच्या परिसरातल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची परीक्षा एकदा तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा तोडणीनंतर पैसे मिळाल्यावर घेतली गेली. माणसे तीच, पण पैसे नसताना त्यांना साध्या कोड्यांमध्ये कमी गुण पडले. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. टंचाई मेंदूची जागा अडवते, उरलेल्या जागेत माणूस विचार करतो, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी काढला. दुसरा प्रयोग लहान मुलांचा आहे. समोर एक मिठाई ठेवायची आणि थांबलास तर दोन मिळतील असे सांगायचे. अमेरिकेत स्टॅनफर्डला हा प्रयोग फार गाजला, आणि थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात असे पुष्कळांनी ऐकवले. २०१८ साली सुमारे नऊशे मुलांवर तो पुन्हा तपासला तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर त्या थांबण्याचा प्रभाव बराचसा विरून गेला. पण आम्हाला त्याहून बोलका वाटतो तो रॉचेस्टरचा २०१३ चा छोटा प्रयोग. तिथे मोठ्या माणसाने काही मुलांना आधी दिलेला एक शब्द पाळला आणि काहींना दिलेला मोडला. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, मोडला गेलेली तीन मिनिटे. ठेकेदाराने 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटल्यावर जो मजूर आजचेच रोख मागतो, त्याने हा प्रयोग आयुष्यभर अंगावर घेतलेला असतो.

महाराष्ट्रातले उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बीडचे ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती कामातून फेडतात. नवराबायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा पडला की दंड कापला जातो. पाळीच्या त्रासाने खाडा पडतो म्हणून तरुण वयात गर्भाशये काढून घेतलेल्या बायकांची गोष्ट २०१९ साली उघडकीला आली आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एका हंगामाच्या उचलीसाठी उरलेल्या आयुष्याचे शरीर गहाण पडले. या बायकांना कुणी 'दूरदृष्टी नाही' म्हणणार असेल तर त्याने आधी उचल बंद करून दाखवावी.

आपण कायम कामगारही या प्रश्नाच्या बाहेर नाही, फक्त आपला आजार वेगळा आहे. ज्याला लांबचा उद्या मिळाला त्याने सगळे ओझे त्यावर टाकले. भिलाईतल्या आत्महत्यांचा पॅरी यांनी अभ्यास केला, तेव्हा त्या सर्वांत गरीब वस्त्यांपेक्षा कायम नोकरीच्या घरांत जास्त दिसल्या. बापाची नौकरी होती, मुलाला ती मिळेनाशी झाली, आणि खालच्या कामाला हात लावणे अपमानाचे वाटू लागले. ज्या मुलासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढून क्लास लावला तोच मुलगा आज ठेकेदाराकडे जातो, आणि आपण त्याच्याबद्दल सभेत बोलत नाही. शिवाय आपला उद्याही आखूड होत चालला आहे. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुने पेन्शन नाही, बाजाराशी बांधलेली नवी योजना आहे. २०२५ च्या एप्रिलपासून एकीकृत योजनेचा पर्याय आला तो लढ्यामुळेच, पण जुने पेन्शन काही त्याने परत आले नाही.

पोस्टात तर हा विनोद रोज घडतो. गावोगावची माणसे आपले म्हातारपण ज्याच्या हाती सोपवतात, आर. डी.चे हप्ते, ग्रामीण टपाल जीवन विमा, मुलीच्या नावाची सुकन्या समृद्धी, तो ग्रामीण डाक सेवक स्वतः खात्याच्या नियमित पेन्शनबाहेर आहे. शंभर घरांचा उद्या पिशवीत घालून सायकलवरून नेतो, त्यात त्याचा स्वतःचा नसतो. २०१८ च्या मे-जूनमध्ये या सेवकांनी पंधरवड्याहून अधिक संप केला. तुटपुंज्या मानधनावर जगणारी माणसे इतके दिवस टिकली. तेव्हा काही कायम साथींनी त्यांची खिडकी सांभाळून खात्याला मदत केली, हे इथे बोलून ठेवलेले बरे.

संप किती दिवस टिकतो हासुद्धा याच हिशोबाचा भाग आहे. १९७४ चा रेल्वे संप ८ मेपासून २७ मेपर्यंत चालला. त्यात किती क्वार्टरमधल्या चुली वाण्याच्या उधारीवर पेटल्या हे जुन्या साथींना विचारा. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात ज्यांचे कोकणात किंवा घाटावर घर आणि थोडी जमीन होती ते गावी जाऊन तग धरू शकले, ज्यांचे मुंबईशिवाय काही नव्हते त्यांची आधी फरपट झाली. निष्ठा दोघांची होती, कणगी एकाकडे होती. मग कंत्राटी मजूर संपाच्या तिसऱ्या दिवशी कामावर गेला तर त्याला फितूर म्हणण्याआधी त्याच्या घरात किती दिवसांचे पीठ होते हे शाखेला माहीत असायला नको का?

आता करायचे काय? भाषणातून सावकार जात नाही. आपल्या पतपेढ्यांचे सभासदत्व कायम कामगारांपुरते आहे, त्या पोटनियमात बदल मागता येतो. तो होईपर्यंत शाखेचा स्वतःचा तातडी फंड उभा करता येतो. दोन-पाच हजारांची बिनव्याजी रक्कम, चार-सहा हप्त्यांत परत, दोन सभासदांच्या जबाबदारीवर. वर दाखवलेल्या हिशोबाप्रमाणे असे एक कर्ज एका घराचे महिना पाचशे रुपये वाचवते. हा आकडा कोणत्याही महागाई भत्त्याच्या हप्त्याइतका खरा आहे. कर्ज बुडेल ही भीती काही कोषाध्यक्ष बोलून दाखवतात. काही बुडेलही. सावकाराचेही बुडते, तरी तो धंदा बंद करत नाही.

वर्गणी वार्षिक आणि एकरकमी मागायची आपली पद्धत आपल्या पगाराला धरून पडली आहे. रोजंदारीवाल्याकडून ती पगाराच्या दिवशी, थोडी थोडी आणि हातोहात पावती देऊन घेतली पाहिजे. सभा संध्याकाळी सहाला ठेवायची आणि कंत्राटी येत नाहीत म्हणायचे, यात काय अर्थ? सफाईची पाळी तेव्हा चालू असते आणि पार्सलचा माल तेव्हाच उतरत असतो.

मागण्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर काय असावे यावर आपल्यात मतभेद आहेत. मजुरीचा दर वाढवा ही मागणी सोपी आहे, आणि ती असावीच. पण आमच्या मते तिच्या आधी तीन गोष्टी याव्यात. दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, तोही चिठ्ठीसह. हजर असून काम न मिळालेल्या दिवसाची मजुरी, दल्ली राजहराने मागितली होती तशी. आणि ठेका बदलला तरी मजूर बदलणार नाही, त्याची जुनी सेवा धरली जाईल, ही अट निविदेतच लिहिलेली. ठेकेदार दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि त्याच्याबरोबर दहा वर्षे गाडीचे डबे धुणारा माणूस पुन्हा नवा होतो. ब्रेक गेला असे आपण समजतो, तो निविदेच्या रूपाने परत आला आहे. ही तिसरी मागणी मिळवणे सर्वांत कठीण आहे, कारण ती मान्य केली की ठेकेदारीचा अर्धा फायदा संपतो.

चरोदा, दुर्ग आणि पॉवर हाऊसच्या साथींना, तसेच टपाल विभागाच्या शाखांना एक काम देऊन थांबतो. पुढच्या बैठकीला प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या ठेक्यांची यादी आणावी. ठेका कोणत्या कामाचा, मुदत कधी संपते, मजूर किती, त्यांतले किती आधीच्या ठेकेदाराकडेही होते, आणि पगार प्रत्यक्षात कोणत्या तारखेला होतो. शेवटच्या दोन रकान्यांची माहिती कार्यालयातून मिळणार नाही, ती मजुरांना विचारूनच भरावी लागेल.